पहिली बाजू संपताना

नोन्ना अर्काद्येव्ना आधी टाळी वाजवायची.
रिकाम्या सभागृहात, कोट न काढता, एकदाच.
मग मान कलती करून ऐकत राहायची
टाळी कुठे जाते, कशाला धडकते, परत यायला किती वेळ लावते.
"इथे," म्हणायची, आणि मी मायक्रोफोनचा खांब
डावीकडे सरकवायचो.
"चार बोटं सांगितली होती. तू पाच सरकवलास."

लेनिनग्राडमधलं जुनं चर्च होतं ते.
देव काढून नेलेला, घुमारा तेवढा मागे राहिलेला.
मी सतरा वर्षांचा, केबली वाहणारा पोऱ्या.
कागदावर हुद्दा: तांत्रिक साहाय्यक, श्रेणी तिसरी.

शेवटची ट्राम डेपोत गेली की काम सुरू व्हायचं,
कारण त्याआधीच्या प्रत्येक टेपमध्ये
डबल बासच्या खाली ट्राम घरघरायची,
न बोलावता जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखी.
त्या रात्री तिने हीटरचे नळही बंद करायला लावले.
कण्हत होते ते. तेही बेसूर.

मग थंडी.
ऐंशी माणसं ओव्हरकोटात.
बासरीवाली बोटं काखेत घालून बसलेली,
हॉर्नवाल्याचा हॉर्न कोटाच्या आत, तान्ह्या मुलासारखा.
ट्रायंगलवाला तेरेंती दोनशे सोळा मात्रा मोजायचा
एका ठोक्यासाठी;
मोजताना त्याचे ओठ हलायचे, पांढरी वाफ निघायची.

या तबकडीबद्दल लोक म्हणतात, हिच्यात लाकूड ऐकू येतं.
येतं. राळ लावलेला गज तारेवर टेकतो
आणि स्वर व्हायच्या आधी क्षणभर नुसता गज असतो,
तेही येतं.
दुसऱ्या बाजूला मोठा ढोल पडतो,
छतावरचा चुना सुटतो, कुणाच्या तरी टोपीवर बसतो.
कान लावलात तर चुनासुद्धा.

पण मला सांगायचंय ते पहिल्या बाजूच्या शेवटाचं.

संथ भाग संपला. व्हायोलिनं इतकी हळू गेली
की ती गेली हे जरा उशिराच कळलं.
लाल दिवा चालूच.
"स्वर संपला तरी सभागृह संपायला वेळ लागतो," नोन्ना म्हणायची,
"तो वेळ माझा. त्यात कुणी हलायचं नाही."
मी मायक्रोफोनपासून सहा पावलांवर, श्वास कोंडून,
आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर
एक थेंब.
बाही उचलावी तर कापड सळसळणार.
ओढून घ्यावा तर, विचारूच नका.
खाली टेपच्या डब्याचं पत्र्याचं झाकण.

टप्.

निर्देशक म्हणाला, पुन्हा घेऊ.
वादक काही बोलले नाहीत, बोटांवर फुंकत राहिले.
नोन्ना हेडफोन गळ्यात घेऊन बाहेर आली,
माझ्याकडे बघितलं, माझ्या नाकाकडे बघितलं.
"हे असं परत वाजणार नाही," ती म्हणाली.

आठवड्याने टेप कापायला बसली.
नखाएवढा तुकडा दिव्यासमोर धरला,
कात्री उघडली, मिटली.
"काढला तर शांततेला भोक पडेल. राहू दे.
याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत, समजलास?"

आता मी पेर्ममध्ये, नवव्या मजल्यावर.
खाली कामा नदी गोठलेली.
उल्यानाने हेच संगीत फोनवर लावून दाखवलं:
काडेपेटीत कोंडलेला डास.
वाद नाही घातला. तबकडी काढली, ब्रश फिरवला, सुई ठेवली.

शेजारचा राफाइल सुकी मासळी घेऊन आलेला.
चाळीस वर्षं लेथवर काढलेला, अर्धा बहिरा.
चेलो सुरू झाले, तसा त्याने स्वेटरचा गळा वर ओढला.
"खिडकी लाव रे. गार लागतंय."
खिडकी बंद होती.
हीटर इतका तापलेला की त्यावर उल्यानाचे मोजे करपत होते.

मग तो शेवट. ते जाणं. तो सगळा नोन्नाचा वेळ.
उल्याना मासळीचा काटा तोंडातच धरून पुढे झुकली.
"आजोबा, थांबा. आत्ता काय वाजलं?"

साठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"परत लावा," ती म्हणाली.
मी नाक पुसलं,
सुई उचलली.